मायकल डेव्हिट: कुळांना उभं करणारा एका हाताचा माणूस

आज मला मायकल डेव्हिटबद्दल बोलायचंय. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचं नाव काढलं की आपल्याकडे 1916 चा ईस्टरचा उठाव आठवतो, डी व्हॅलेरा आठवतो, थोडं जास्त वाचन असेल तर मायकल कॉलिन्स, पण डेव्हिट म्हटलं की बहुतेक लोक गप्प होतात. मला हे खरंच खटकतं. कारण नंतर जे बंदुका घेऊन उठले त्यांच्या आधी तीसेक वर्षं या माणसाने जे काम केलं, म्हणजे खंड भरून भरून मोडलेल्या कुळाला ताठ उभं राहायला लावलं, ते झालं नसतं तर पुढचं सगळं कोणाच्या जीवावर झालं असतं? आणि हा स्वतः आधी बंदूकवालाच होता, हे पण लक्षात घ्या. फेनियन होता. म्हणजे आयर्लंडचं प्रजासत्ताक शस्त्राने आणायचं अशी शपथ घेतलेल्या गुप्त संघटनेतला माणूस.

जन्म 25 मार्च 1846, मेयो परगण्यातलं स्ट्रेड नावाचं गाव. साल बघा जरा. 1845 ला बटाट्यावर रोग पडला आणि पुढची सहासात वर्षं आयर्लंडमध्ये जो दुष्काळ चालला त्यात साधारण दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्यातही पश्चिमेकडचा मेयो म्हणजे सगळ्यात जास्त पोळलेला भाग. लोक मरत होते तेव्हा धान्य आणि गुरं बंदरातून बाहेर जातच होती, कारण कुळाच्या ताटात फक्त बटाटा, बाकीचं पीक विकून जमीनदाराचा खंड भरायचा. म्हणजे दुष्काळ नुसता बटाट्याचा नव्हता, जमीन कोणाची या प्रश्नाचा होता, आणि डेव्हिटला हे पुस्तक वाचून कळलेलं नाही.

1850 मध्ये त्यांचा खंड थकला होता म्हणून घर खाली करायला लावलं आणि जाळलं. मायकल चार वर्षांचा. आईबाप, तो आणि भावंडं रस्त्यावर. मग स्विनफर्डच्या वर्कहाऊसमध्ये गेले, वर्कहाऊस म्हणजे सरकारी अनाथालय-कम-कैदखाना समजा, तिथला नियम असा की तीन वर्षांवरच्या मुलग्यांना आईपासून वेगळं ठेवायचं. आई म्हणाली नको आम्हाला तुमचं अन्न, आणि पोरांना घेऊन तिथून बाहेर पडली. मला या बाईबद्दल फार आदर वाटतो. लिहिता वाचता न येणारी, घरात आयरिश बोलणारी, हातात एक पैसा नाही, आणि उपाशी पोरं घेऊन ती नाही म्हणते. डेव्हिटच्या सगळ्या आयुष्याचं मूळ मला त्या नाही म्हणण्यात दिसतं.

तिथून इंग्लंड, लँकेशायरमधलं हॅसलिंग्डन नावाचं गिरणीगाव. नऊ वर्षांचा पोरगा कापडगिरणीत कामाला लागला. बारा बारा तास. 1857 मध्ये, अकरा वर्षांचा असताना, त्याला मोठ्या मुलाच्या मशीनवर उभं केलं आणि त्याचा उजवा हात दातेरी चाकात सापडला, दहाएक दिवसांनी तो कापावा लागला. भरपाई वगैरे काही नाही. मुंबईच्या गिरणगावात ज्यांची घरं गेली त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण यातून एक झालं, हात गेला म्हणून पोरगा गिरणीतून सुटला आणि गावातल्या एका भल्या माणसाने त्याला शाळेत घातलं. शाळा मेथडिस्टांची, म्हणजे प्रोटेस्टंट, आणि हा कॅथलिक, पण तिथे त्याला धर्मावरून कोणी त्रास दिला नाही आणि तो ते जन्मभर विसरला नाही. पुढे हे कामाला येतं म्हणून सांगून ठेवतोय. मग पोस्ट ऑफिस आणि छापखाना एकत्र असलेल्या दुकानात नोकरी, एका हाताने टाइप जुळवायला शिकला, संध्याकाळी कामगारांच्या वाचनालयात आयर्लंडचा इतिहास वाचायचा आणि इंग्लिश चार्टिस्ट, म्हणजे कामगारांना मतदानाचा हक्क मागणाऱ्या, पुढाऱ्यांची भाषणं ऐकायचा. म्हणजे इंग्रज सरकारचा राग आणि इंग्रज कामगाराबद्दलची आपुलकी, दोन्ही एकाच गावात एकाच वयात. आयर्लंडच्या बाकीच्या पुढाऱ्यांपैकी फारच थोड्यांकडे हे होतं.

1865 ला फेनियन झाला. 1867 च्या फेब्रुवारीत चेस्टरच्या किल्ल्यावर धाड घालून शस्त्रं पळवायचा बेत होता, हा एकवीस वर्षांचाही नाही आणि आपल्या भागातली पोरं घेऊन तिथे गेला, पण फितुरी झालेली, बेत फसला, सगळे गुपचूप परतले. त्यानंतर उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडचा संघटक, फेरीवाल्याच्या वेषात फिरून आयर्लंडला शस्त्रं पाठवायची. 14 मे 1870 ला लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर पकडला. खटल्यात त्याचंच एक पत्र त्याच्याविरुद्ध वापरलं. संघटनेतला एक तरुण पोरगा एका संशयित खबऱ्याला मारायला निघाला होता, त्याला थोपवायचं म्हणून डेव्हिटने, थांब, वरच्यांची परवानगी घे, असं लिहिलं होतं, हेतू वेळ काढायचा होता. सरकारने ते खुनाला मान्यता म्हणून वाचलं. पंधरा वर्षं सक्तमजुरी. वय चोवीस.

डार्टमूरचा तुरुंग. एका हाताच्या माणसाला दगड फोडायला बसवलं, हातावर फोड येऊन काम बंद पडलं तर दोरखंड अडकवून गाडी ओढायला लावलं, आणि खांद्याच्या उरलेल्या भागाला तो पट्टा घासून तिथे जखमा झाल्या तर हाडं कुटायच्या शेडमध्ये पाठवलं. कुजलेली हाडं, खत करायला. शेजारी गटाराची टाकी. बाकीच्या राजकीय कैद्यांपासून त्याला वेगळं, चोर दरोडेखोरांत ठेवलं होतं. आता इथे माणूस दोन प्रकारे मोडू शकतो, एकतर खचतो किंवा कडवट होतो. डेव्हिट त्या चोरांकडे बघत बसला, त्यांच्याशी बोलत बसला, कोण कसा इथवर आला, कोणाला लहानपणी कोणी सांभाळलं नाही, तुरुंग माणसाचं काय करतो, आणि बाहेर आल्यावर तुरुंगसुधारणा हा त्याचा जन्माचा विषय झाला. सरकारी चौकशीसमोर साक्ष दिली, पुस्तक लिहिलं, संसदेत गेल्यावर तिथेही हाच विषय लावून धरला. स्वतःच्या हालांबद्दल तो जितकं लिहितो त्यापेक्षा बाकीच्या कैद्यांबद्दल जास्त लिहितो.

साडेसात वर्षांनी, डिसेंबर 1877 मध्ये, सुटला, तेही पूर्ण नाही, अटींवर. जानेवारीत बाकी सुटलेल्या कैद्यांबरोबर डब्लिनला आला, मोठं स्वागत झालं, आणि दोनच दिवसांत त्यातला मॅकार्थी नावाचा साथीदार, संसदेतला आयरिश पुढारी पार्नेल याने त्यांच्यासाठी ठेवलेल्या न्याहारीला आलेला असताना हॉटेलातच कोसळून मेला. तुरुंगाने पोखरलेला माणूस होता.

आता खरा महत्त्वाचा भाग येतो. डेव्हिट आत असताना विचार करत होता की आपण एवढे शपथा घेणारे, शस्त्रं जमवणारे, पण आयर्लंडचा सामान्य माणूस आपल्या मागे का येत नाही? आणि त्याला लागलेलं उत्तर असं की त्या माणसाला सकाळी उठल्यावर ज्याची भीती वाटते ती लंडनची राणी नाहीच, तो जमीनदाराचा कारभारी आहे. वर्षाच्या करारावर कूळ, खंड कधीही वाढणार, शेतात चर खणला, घर नीट केलं तर त्याचाच खंड वाढणार, आणि थकला की बेदखल. त्या काळात साडेसातशे कुटुंबांकडे देशातली जवळपास निम्मी जमीन होती, त्यातले काही जमीनदार इंग्लंडात राहणारे. ज्याला स्वतःच्या चुलीची खात्री नाही त्याला तू प्रजासत्ताकासाठी मर म्हणून सांगणं हे अन्यायाचं आहे असं डेव्हिटला वाटायला लागलं, आणि माझं तर म्हणणं आहे की हा विचार ज्या दिवशी एका फेनियनच्या डोक्यात आला त्या दिवशी आयर्लंडचा इतिहास वळला.

1878 ला तो अमेरिकेत गेला, आई आणि बहिणी पेनसिल्वेनियात होत्या. तिथे जॉन डेव्हॉय या फेनियन पुढाऱ्याशी बसून एक तडजोड आखली: क्रांतिकारक, संसदेतला पार्नेलचा गट आणि जमिनीचा लढा, तिन्ही एकत्र. आयर्लंडमधल्या कडव्या फेनियनांनी ती फेटाळली, त्यांच्या मते खंड आणि बटाटे हे क्रांतीला बाटवणारे विषय. 1880 मध्ये त्याला संघटनेच्या वरिष्ठ मंडळातून काढलं. सात वर्षं ज्यांच्यासाठी दगड फोडले त्यांनीच बाहेर काढलं, आणि तरी त्याने त्यांच्याबद्दल विषारी असं काही केलं नाही.

1879 म्हणजे वाईट वर्ष. पाऊस थांबेना, बटाटा सडला, अमेरिकेतून स्वस्त धान्य यायला लागल्याने बाजारभाव पडलेले, आणि खंड जुनाच. 20 एप्रिल 1879 ला मेयोमधल्या आयरिशटाउनला पहिली मोठी सभा झाली, कित्येक हजार लोक. ठराव डेव्हिटने लिहून दिले होते पण तो स्वतः सभेला हजर नव्हता. आणि ज्या इस्टेटीविरुद्ध सभा होती तिचा कारभार कोण बघत होता, तर एक कॅथलिक पाद्री. म्हणजे पहिल्याच दिवशी हे स्पष्ट झालं की हा कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट झगडा नाही, जो पिळतो त्याच्याविरुद्धचा आहे. सभेनंतर तिथला खंड कमी झाला. बातमी वणव्यासारखी पसरली. ऑगस्टमध्ये कॅसलबारला मेयोची लँड लीग, म्हणजे कुळांची संघटना, उभी राहिली, 21 ऑक्टोबरला डब्लिनमध्ये सगळ्या आयर्लंडची, अध्यक्ष पार्नेल.

पार्नेल स्वतः विकलोमधला प्रोटेस्टंट जमीनदार. डेव्हिट बेदखल कुळाचा पोरगा. डेव्हिटने त्याला पुढे केलं, स्वतः सेक्रेटरीचं काम घेतलं, कारण त्याला कळत होतं की लोकांना एकत्र ठेवणारा चेहरा कोणाचा आहे. हे करायला मन मोठं लागतं, आपल्याकडच्या चळवळी याच ठिकाणी फुटतात हे आपण बघतोच.

मग बॉयकॉट. सप्टेंबर 1880 मध्ये एनिसच्या सभेत पार्नेलने लोकांना विचारलं की बेदखल केलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याचं काय करायचं, गर्दीतून आवाज आला गोळी घाला, त्यावर पार्नेल म्हणाला यापेक्षा चांगला मार्ग आहे, त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, देवळात कुठेही बोलू नका, जुन्या काळी महारोग्याला टाकायचे तसा एकटा टाका. काहीच दिवसांत मेयोमध्येच, लॉर्ड अर्नचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्यावर हा प्रयोग झाला. मजूर गेले, नोकर गेले, दुकानदार माल देईना, टपाल आणणारा पोरगा येईना. शेवटी उत्तरेतून पन्नास लोक पीक काढायला आणले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर सैनिक आणि पोलीस, पाचेकशे पौंडाचं पीक काढायला दहा हजार पौंड खर्च झाला. डिसेंबर लागता लागता बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला. एक गोष्ट मुद्दाम सांगतो, डेव्हिट तेव्हा अमेरिकेत लीगसाठी पैसे जमवत होता, म्हणजे हे यश त्याच्या हुकमाने झालेलं नाही, गावातल्या लोकांनी ते केलं, आणि चळवळ खरी असल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही. पंचवीस वर्षांनी, वंगभंगानंतर, टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या शेजारी बहिष्कार आला तेव्हा मेयोच्या कुळांनी गाजवलेलं हत्यार जगभर ओळखीचं झालेलं होतं.

सरकारने काय केलं? जे सरकारं करतात तेच. एका हाताने कायदा, दुसऱ्या हाताने दडपशाही. फेब्रुवारी 1881 मध्ये डेव्हिटला परत उचललं, जुन्या शिक्षेच्या अटी मोडल्या म्हणून, पोर्टलंडच्या तुरुंगात. संसदेत एवढा गोंधळ झाला की छत्तीस आयरिश खासदारांना बाहेर काढलं. त्याच वर्षी पंतप्रधान ग्लॅडस्टनने जमीन कायदा केला, खंड ठरवायला न्यायालयं आली, खंड भरतोय तोवर कुळाला हलवता येणार नाही असं ठरलं. ऑक्टोबरमध्ये पार्नेलही आत. पुढारी आत गेल्यावर चळवळ कोणी चालवली, तर बायकांनी. आत जायच्या आधी डेव्हिटने बायकांची वेगळी लँड लीग काढायचा आग्रह धरला होता, पार्नेल आणि लीगचा दुसरा पुढारी डिलन दोघांना ते पटलेलं नव्हतं, लोक हसतील म्हणाले. पार्नेलचीच बहीण अ‍ॅना पार्नेल तिची प्रमुख. या बायका बेदखल कुटुंबांना राहायला लाकडी झोपड्या उभारायच्या, मदतीचे पैसे वाटायच्या, बेदखलीच्या जागी जाऊन उभ्या राहायच्या, तुरुंगातही गेल्या. आणि पुरुष सुटून आल्यावर पार्नेलने काय केलं, पैसे बंद करून त्यांची संघटना मोडली. अ‍ॅना जन्मात भावाशी परत बोलली नाही. डेव्हिटने मात्र त्यांचं श्रेय पुढे उघडपणे लिहून ठेवलं.

पोर्टलंडमध्ये या वेळी जरा बरी वागणूक होती, बाग सांभाळायची, वाचायला पुस्तकं. तिथे त्याने एक ब्लॅकबर्ड माणसाळवला होता, आणि तुरुंगातले निबंध त्याने त्या पाखराला दिलेल्या व्याख्यानांच्या रूपात लिहिलेत. 6 मे 1882 ला सुटला. पार्नेल स्वतः त्याला आणायला गेला होता. सरकारशी समझोता झालेला, सगळीकडे आनंद, आणि त्याच संध्याकाळी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये नवा मंत्री लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश आणि सचिव बर्क यांना सुऱ्यांनी भोसकून मारलं. डेव्हिटने रातोरात निषेधाचं निवेदन लिहिलं. शस्त्राची शपथ घेतलेला माणूस, पण माणूस मारणं हे त्याला पटेनासं झालं होतं, आणि हे भीतीने नाही, त्याने भीती सगळी डार्टमूरला संपवली होती.

इथून पुढचा डेव्हिट लोकांना कमी माहीत आहे आणि मला तोच जास्त जवळचा वाटतो. 1882 च्या जूनपासून तो उघडपणे म्हणायला लागला की जमीनदाराची जमीन कुळाच्या नावावर केली की संपलं असं नाही. जमीन सगळ्या देशाची करा, जो कसेल त्याने देशाला भाडं द्यावं, त्या पैशातून शाळा, दवाखाने, घरं. कारण नाहीतर काय होईल, आजचं मोठं कूळ उद्याचा छोटा जमीनदार होईल, आणि शेतमजूर, ज्याच्याकडे कूळ म्हणूनही गुंठाभर नाही, तो आहे तिथेच राहील. पार्नेलला हे मुळीच पसंत नव्हतं. कुळांनाही नव्हतं, खरं सांगायचं तर. तीस वर्षं घाबरून काढलेल्या माणसाला सातबारा हवा असतो, तत्त्वज्ञान नको असतं, आणि यात कुळांचा दोष काढायला माझी जीभ रेटत नाही. पण डेव्हिट चूक होता का? मला वाटतं नव्हता. त्याला दिसत होतं की त्याच्या लोकांची गरज जिथे भागेल तिथे त्यांची चळवळ थांबेल, आणि तो स्वतः तिथे थांबायला तयार नव्हता.

म्हणून तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या छोट्या शेतकऱ्यांकडे गेला, वेल्सला गेला, तिथे 1886 ला एका खाणगावातल्या सभेत त्याचे आभार मानायला जो तरुण वकील उभा राहिला तो लॉइड जॉर्ज, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला. इंग्लिश कामगारांच्या सभांत गेला. बाकीचे आयरिश पुढारी इंग्लंड म्हणजे एकच शत्रू समजत होते, हा सांगत होता की गिरणीतला इंग्रज आपला भाऊ आहे, शत्रू वर बसलाय. आणि आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट: 1883 च्या सुमारास त्याने पार्नेलला सुचवलं की दादाभाई नौरोजींना एखाद्या आयरिश मतदारसंघातून निवडून द्या, म्हणजे हिंदुस्थानचा आवाज संसदेत येईल. विचार करा, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राध्यापक राहिलेले दादाभाई, आणि आयर्लंडच्या कुठल्यातरी ओल्या परगण्यातले शेतकरी त्यांना मत देतायत. पार्नेलला कल्पना पटली पण पक्षाला पचेल का याची खात्री नव्हती, ते राहून गेलं. दादाभाई 1892 ला लंडनमधून अगदी थोडक्या मतांनी आले, आणि 1894 च्या मद्रास काँग्रेसला अध्यक्ष म्हणून आले आल्फ्रेड वेब, आयरिश खासदार. ही देवाणघेवाण आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

1887 ला टाइम्स वर्तमानपत्राने पार्नेलच्या नावाची पत्रं छापून लँड लीगचा खुनांशी संबंध जोडला, चौकशी बसली, पत्रं बनावट निघाली, पिगॉट नावाच्या माणसाने केलेली, त्याने माद्रिदला पळून जाऊन स्वतःला गोळी घालून घेतली. ते प्रकरण उलगडण्यात डेव्हिटचा मोठा वाटा होता आणि चौकशीसमोर तो वकील न देता स्वतः पाच दिवस बोलला. अकराव्या वर्षी गिरणीतून बाहेर पडलेला माणूस. आणि मग 1890 च्या नोव्हेंबरमध्ये पार्नेल आणि दुसऱ्याची बायको असलेली कॅथरीन ओशे यांचं प्रकरण कोर्टात उघडं पडल्यावर पार्नेलने काही काळ बाजूला व्हावं असं आयरिश पुढाऱ्यांत सगळ्यात आधी छापून मागणारा डेव्हिटच. आधी पार्नेलने त्याला शब्द दिला होता की यातून माझ्यावर डाग येणार नाही, तो शब्द खोटा निघाला याचं त्याला लागलं. पक्ष फुटला, वर्षाच्या आत पार्नेल गेला. पुष्कळ लोकांनी डेव्हिटला याबद्दल माफ केलं नाही.

खासदारकीचं थोडक्यात सांगतो. 1882 ला तुरुंगात असताना मीथमधून निवडून आला, कैदी म्हणून रद्द. 1892 ला नॉर्थ मीथ, पाद्र्यांनी प्रचारात दबाव आणला म्हणून रद्द, त्या खटल्याच्या खर्चाने दिवाळं निघालं, म्हणून पुढची जागाही सोडावी लागली. 1895 ला साउथ मेयोतून आला आणि टिकला. 1899 ला बोअर युद्ध, म्हणजे इंग्रज आणि दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे बोअर शेतकरी यांच्यातलं युद्ध, सुरू झाल्यावर त्याने राजीनामा दिला. दक्षिण आफ्रिकेतल्या स्वातंत्र्याविरुद्ध मत देऊन आयर्लंडचं स्वातंत्र्य मिळणार असेल तर मला ते नको, अशा अर्थाचं तो सभागृहात बोलला आणि बाहेर पडला. मग स्वतः तिथे जाऊन बातम्या लिहिल्या. इथे मात्र मला एक गोष्ट बोलायलाच हवी, त्याच्या त्या लिखाणात बोअर शेतकऱ्याचं स्वातंत्र्य आहे पण त्याच भूमीतल्या काळ्या माणसाचा हक्क त्यात नाही. ज्याने सगळ्या जगाच्या पिचलेल्यांना आपलं म्हटलं त्याची नजर तिथे अडली. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी हे झाकू नये.

1903 ला रशियातल्या किशिनेव्हमध्ये ज्यूंची कत्तल झाली, डेव्हिट अमेरिकन वर्तमानपत्रासाठी तिथे गेला, घरोघर जाऊन जबान्या घेतल्या, त्यावर पुस्तक लिहिलं. आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत त्याच्या स्वतःच्या देशात, लिमरिकमध्ये, फादर क्री नावाच्या धर्मगुरूने ज्यूंविरुद्ध प्रवचन दिलं आणि त्या शहरातल्या मूठभर ज्यू कुटुंबांवर लोकांनी बहिष्कार घातला. बघा, हत्यार तेच. मेयोमध्ये ताकदवानाविरुद्ध उचललेलं, आता गरीब फेरीवाल्यांवर चालवलेलं, आणि चालवणारे कॅथलिक आयरिशच. डेव्हिटने लगेच वर्तमानपत्रात पत्र लिहून निषेध केला. किशिनेव्हमध्ये हेच खोटं बोलून कत्तल झाली आहे, मी डोळ्यांनी बघून आलोय, असं त्याचं म्हणणं. स्वतः कॅथलिक, आपले लोक कॅथलिक, समोर धर्मगुरू, आणि तरी. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात धैर्याचं काम बंदुकीचं नाही, हे पत्र आहे.

शेवटच्या वर्षीही तो भांडतच होता. 1906 च्या निवडणुकीत इंग्लंडात मजूर पक्षाच्या उमेदवारांसाठी फिरला, आणि शाळा धर्मसंस्थेच्या ताब्यात नकोत, सगळ्यांच्या मुलांनी एकत्र शिकावं, यावरून लिमरिकच्या बिशपशी जाहीर वाद घातला. हॅसलिंग्डनची ती मेथडिस्ट शाळा इथे बोलत होती. त्याच वसंतात दात काढला, त्यातून रक्तात विष पसरलं आणि 30 मे 1906 ला डब्लिनमध्ये गेला, साठाव्या वर्षी. मृत्युपत्रात मित्रांना सदिच्छा, शत्रूंना पूर्ण क्षमा आणि आयर्लंडला संपूर्ण स्वातंत्र्यासाठी प्रार्थना. सार्वजनिक अंत्ययात्रा नको म्हणून सांगितलं होतं तरी दुसऱ्या दिवशी वीस हजारांवर लोक दर्शनाला आले. पुरलं स्ट्रेडला, मेयोमध्ये.

आता राहिला जमिनीचा हिशोब. 1903 च्या कायद्याने सरकारने कुळांना कर्ज देऊन जमीनदारांकडून जमिनी विकत घ्यायची सोय केली, जमीनदारांना वर बोनस. डेव्हिटने या कायद्याला विरोध केला होता, म्हणाला जमीनदाराला फार जास्त मोजताय आणि ते कुळांच्या पुढच्या पिढ्या फेडत बसतील. पण जमीनदारी गेली, हे खरं, पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक आयरिश शेतकरी आपल्या जमिनीचे मालक झाले होते किंवा होत होते, पन्नास वर्षांपूर्वी हे कोणी स्वप्नात पाहिलं नसतं. आणि डेव्हिटची दुसरी भीतीही खरी ठरली. मीथ, वेस्टमीथ, रॉसकॉमन या भागात मोठमोठी कुरणं गुरांच्या धंदेवाल्यांच्या हातात होती, त्यात लीगमधूनच वर आलेले दुकानदार आणि मोठे शेतकरी पण होते, आणि बाजूला भूमिहीन मजूर आणि तुकडा जमिनीवर जगणारी कुटुंबं. डेव्हिट जाऊन पाच महिनेही झाले नव्हते, ऑक्टोबर 1906 मध्ये लॉरेन्स गिनेल या खासदाराने वेस्टमीथमधल्या सभेत लोकांना सांगितलं की या कुरणांतली गुरं रात्री बाहेर हाकला. पुढची दोनतीन वर्षं लोक तेच करत होते. रात्री फाटकं उघडायची, गुरं मैलोनमैल रस्त्याने हाकत न्यायची, सकाळी मालक शोधत फिरतोय. आणि ते मालक या वेळी लंडनला राहणारे लॉर्ड नव्हते, शेजारच्या गावचे आयरिश होते.